नाकापेक्षा मोती जड? सीपॅप मशिन अंगवळणी पाडताना

झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशिन लावून पहिल्या रात्री मी १ तास ४० मिनिटं झोपलो. हा आकडा सकाळी मशिनच्या पडद्यावर दिसला. मास्क मात्र पलंगाखाली सापडला. झोपेत तो कधी ओढून काढला, काही आठवत नाही. दुसऱ्या रात्री ५० मिनिटं. तिसऱ्या रात्री मशिन सुरूच केलं नाही आणि चौथ्या दिवशी सगळं परत खोक्यात भरून डॉक्टरांकडे गेलो. "मला हे जमणार नाही," म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नेमकं काय होतं?" आणि माझी बोलतीच बंद झाली. गुदमरतं? थोडं. डोळ्यांत हवा जाते? हो, ती जाते खरी. त्यांनी मला मास्क लावून आडवं व्हायला सांगितलं, मशिन चालू केलं आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. मास्क एक माप मोठा होता.

सीपॅप कपाटात जाण्याची कारणं बहुधा अशीच लहान असतात. कोरडं पडलेलं तोंड, चोंदलेलं नाक, गालावर उठलेला वळ, पोटात गेलेली हवा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून "जमत नाही" असं ठोकळ सांगण्यापेक्षा "पहाटे तीनच्या सुमाराला तोंड कोरडं पडून जाग येते" असं सांगता आलं, तर अर्धं काम झालं समजा. उशाशी एक वही ठेवा. सकाळी उठल्यावर दोन ओळी पुरतात.

हे यंत्र करतं तरी काय

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. स्लीप ॲप्नियात ते इतके सैलावतात की जीभ आणि मऊ टाळू मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते, कधी पार बंद होते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जाग आणतो, घसा उघडतो, एक मोठा घुरका येतो, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तपासणीत ती एक घटना धरतात. थांबलेले आणि उथळ पडलेले श्वास मिळून तासाला सरासरी किती घटना झाल्या, तो आकडा म्हणजे रिपोर्टमधला एएचआय. मोठ्या माणसांत ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

सीपॅप घशात हवेचा हलका दाब सतत धरून ठेवतं, त्यामुळे घशाच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. बस, एवढंच. ते तुमच्यासाठी श्वास घेत नाही आणि ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, दाबून पाठवतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "ऑक्सिजनवर ठेवलंय" अशी बातमी नातेवाइकांत पसरते आणि भेटायला माणसं येऊ लागतात.

दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये आणि बहुतेक मशिनं ४ ते २० या पट्ट्यात चालतात. १० सेंटिमीटर ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याभोवतीच्या हवेचा जो दाब असतो त्याच्या जेमतेम एक टक्का तो भरतो. फुप्फुसं फुटतील ही भीती मला पहिल्या रात्री खरोखर वाटली होती. हे गणित आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांची. १९८० मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर प्रयोग केला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा लेख प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या त्या काळात रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि तो रोज रात्री चक्क चिकटवून बसवत. आपल्या पट्ट्यांबद्दल तक्रार करताना मला हे आठवतं आणि मी जरा गप्प बसतो.

पहिली पायरी: मास्क

मशिन कोणतं घ्यावं यावर लोक आठवडे घालवतात आणि मास्क दुकानदार देईल तो उचलतात. माझ्या मते हे अगदी उलट व्हायला हवं. मशिन टेबलावर बसतं. तोंडावर रात्रभर असतो तो मास्क.

प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ बोंड्या असतात, त्यांना नेझल पिलो म्हणतात. वजन नगण्य, समोरचं सगळं दिसतं, चष्मा लावून वाचता येतं, दाढीमिशांचा अडथळा कमी. ज्यांचा जीव बंदिस्त जागेत घाबरा होतो त्यांनी इथून सुरुवात करावी. दाब फार जास्त असेल तर मात्र नाकपुड्या हुळहुळतात. दुसरा नाक झाकणारा नेझल मास्क. बऱ्याच जणांना हाच मानवतो. तिसरा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. ज्यांचं नाक कायम बंद असतं किंवा तोंड उघडंच राहतं त्यांना तो लागतो, पण तो मोठा, कडा जास्त, म्हणजे हवा निसटायच्या जागाही जास्त. झोपताना कवळी काढून ठेवणाऱ्यांचे गाल आत जातात, तेव्हा माप घेताना कवळी काढूनच घ्या.

मास्क बसवून बघायचा तो आडवं पडून, मशिन चालू ठेवून. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्याचा चेहरा एक नसतो, गाल ढळतात. आधी पट्टे सैल ठेवून आडवे व्हा. हवा सुरू झाली की मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, कुशन (मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) फुगू द्या आणि अलगद टेकवा. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. हवा निसटायची थांबली की तिथेच थांबा. नंतर उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर वळून बघा. हवा गळली की पट्टा आवळायचा हा आपला पहिला आवेग असतो आणि तो बहुधा चुकतो. जास्त आवळलं की कुशन चेपतं आणि गळती वाढते, शिवाय नाकाच्या हाडावर जखम होते ती वेगळीच. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं.

मास्कला पुढे बारीक भोकं असतात आणि त्यांतून सतत हवा फुसफुसत असते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाज कमी करायला ती भोकं चिकटपट्टीने बंद केल्याचं मी ऐकलं आहे. कृपा करून हे करू नका.

आणखी एक, कारण हे विचारायचं राहून जातं: काही मास्कच्या चिमट्यांत लोहचुंबक असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप किंवा असं काही शरीरात बसवलेलं असेल, तर डॉक्टरांना सांगून बिनचुंबकाचा मास्क घ्या.

दुसरी पायरी: दिवसाउजेडी ओळख

रात्री अकराला, दमलेल्या अवस्थेत, अंधारात पहिल्यांदा मास्क चढवणं म्हणजे पोहायला शिकायला थेट खोल पाण्यात उडी मारणं. त्याऐवजी तीन-चार दिवस दिवसा सराव करा.

पट्टे न बांधता मास्क हातानेच नाकावर धरा, मशिनशिवाय, दोनचार मिनिटं. वाटेल तेव्हा काढा, वाटेल तेव्हा लावा. यात अवघडलेपण उरलं नाही की पट्टे बांधा. मग नळी जोडून मशिन चालू करा आणि खुर्चीत बसून १५-२० मिनिटं टीव्ही बघा किंवा वाचा. लक्ष दुसरीकडे हवं. श्वास मोजत बसलात तर प्रत्येक श्वास खोटा वाटायला लागतो. शेवटी दुपारी मास्क लावूनच आडवे व्हा. डुलकी लागली तर उत्तम.

नुसता नाकाचा मास्क असताना तोंड उघडून बोलायला गेलात की नाकातून आलेली हवा भसकन तोंडातून बाहेर पडते. पहिल्यांदा दचकायला होतं. ओठ मिटले की थांबतं.

घाबरं वाटणाऱ्यांसाठी एक तोडगा फार कामाचा. बहुतेक मास्कवर नळी एका चिमट्यासरशी सुटते. डोळे मिटून, एका हाताने ती दहा वेळा सोडवा आणि जोडा. दोन सेकंदांत यातून सुटता येतं हे हाताला कळलं की मनाची धडधड पुष्कळ कमी होते. वीज गेली तर काय, हा प्रश्नही येतोच. फुल फेस मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं.

तिसरी पायरी: पहिली रात्र

मशिन पलंगाच्या उंचीपेक्षा थोडं खाली, सपाट जागेवर ठेवा, म्हणजे नळीत साठलेलं पाणी तोंडाकडे न येता मागे जाईल. हवा आत घेण्याची जागा पडदा, पांघरूण यांपासून मोकळी हवी. नळी डोक्याच्या वरच्या बाजूने आणली तर कुशीवर वळताना गळ्यात येत नाही. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीत खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि भरलेली टाकी आत असताना मशिन उचलून हलवू नका. पाणी मोटरमध्ये जातं.

नाक स्वच्छ करा, चेहरा धुवा, रात्री क्रीम लावायची सवय असेल तर मास्क जिथे टेकतो ती जागा सोडा. तेलकट त्वचेवर कुशन सरकतं आणि सिलिकॉन लवकर खराब होतं.

दोन सोयी मशिनमध्ये असतात, त्या चालू आहेत का बघा. एक रॅम्प: दाब कमीवरून सुरू होतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू ठरलेल्या आकड्याला जातो. दुसरी, श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सोय. कंपनीगणिक नाव वेगळं. "श्वास सोडायला जोर लागतो" ही नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार हिने बरीच निवळते. मात्र रॅम्पचा एक तोटा सांगतो. ४ वरून सुरुवात केली तर मोठ्या शरीराच्या माणसाला उलट हवा पुरत नाही असं वाटतं. गुदमरणं दाब जास्त झाल्यामुळेच असतं असं नाही, कमी पडल्यामुळेही असतं. असं वाटलं तर रॅम्पची सुरुवात वाढवून मागा. मूळ उपचाराचा दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

रात्री मध्येच असह्य झालं तर मास्क काढा, पाच मिनिटं बसा, पुन्हा लावा. पुन्हा लावणं महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला घातलेला नियम एवढाच होता: झोप लागो न लागो, दिवा मालवताना मास्क तोंडावर असेल.

काय बिघडतं आणि का

सकाळी तोंड वाळवंट झालेलं असेल तर बहुधा झोपेत तोंड उघडून हवा बाहेर जाते आहे. आधी नाक मोकळं आहे का बघा, कारण नाक बंद असलेला माणूस तोंड उघडणारच. मग दमटपणा वाढवा. तरी थांबलं नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा सल्ला जिथेतिथे वाचायला मिळतो. डॉक्टरांना न विचारता तो अमलात आणू नये, नाक चोंदलेल्याने तर नाहीच.

नाक चोंदणं, शिंका, पाणी गळणं हे पहिल्या काही दिवसांत पुष्कळांना होतं. कोरडी, थंड हवा नाकाला चिडवते. गरम दमट हवा आणि झोपण्याआधी नाकात सलाईनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा यांवर बहुतेकांचं भागतं. ॲलर्जी असेल तर औषधी स्प्रेसाठी डॉक्टर गाठा. नाक झटक्यात उघडणारे औषधांच्या दुकानातले थेंब सलग अनेक दिवस वापरले की नाक उलट जास्त बंद होऊ लागतं.

नळीत गुडगुड आवाज येतो किंवा नाकावर पाण्याचे थेंब पडतात? नळीतली दमट हवा खोलीच्या गारव्याने थंड होऊन तिचं पाणी होतं. दमटपणा एक घर खाली आणा किंवा नळीवर कापडी आवरण चढवा. गरम होणारी नळी असेल तर तिचं तापमान वाढवा.

पोट फुगणं, ढेकर, सकाळी गॅस याचा अर्थ हवा अन्ननलिकेत जाते आहे. कुशीवर झोपून, डोक्याकडची बाजू थोडी उंच करून बघा. श्वास सोडतानाची सोय चालू करा. आटोक्यात आलं नाही तर हे डॉक्टरांना जरूर सांगा, दाबाचा पुनर्विचार करावा लागतो.

डोळे लाल होऊन चुरचुरत असतील तर नाकाच्या वरच्या बाजूने हवा निसटते आहे. वरचा पट्टा आवळण्याआधी मास्क पुन्हा नीट बसवा. माझ्यासारखं मापही तपासा.

झोपेत मास्क काढून टाकणं हा गुन्हा नव्हे आणि इच्छाशक्तीचाही प्रश्न नव्हे. अर्धवट जागेपणी शरीर एखादी अडचण झटकत असतं. गळती, बंद नाक किंवा अपुरा दाब. वहीतली वेळ आणि मशिनमधली नोंद ताडून बघितली की कारण सापडतं. जाग आल्यावर दोष न देता परत लावा. माझं हे प्रकरण पाचव्या आठवड्यापर्यंत चाललं.

पहिल्या काही रात्री गाढ झोप आणि लांबलचक, रंगीत स्वप्नं पडली तर घाबरू नका. वर्षानुवर्षं तुटलेली स्वप्नांची झोप शरीर वसूल करत असतं. उलट काहींना पहिल्या सकाळी काहीच फरक वाटत नाही आणि फार निराशा होते. कुणाला दोन दिवसांत हुशारी येते, कुणाला दोन महिने लागतात. दिवसा पेंग येते आहे तोवर गाडी चालवू नका, मशिन सुरू केलेलं असलं तरी.

आणि एका वेळी एकच बदल करा. मास्क, दमटपणा, उशी आणि रॅम्प एकाच रात्री बदललं की कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही. बदल केल्यावर तीन रात्री तरी थांबा.

आकडे कसे वाचायचे

मशिन रोज तीन गोष्टी सांगतं: किती तास वापर, किती गळती आणि उरलेला एएचआय. सुरुवातीला फक्त तासांकडे बघा. रात्री ४ तास हा आकडा तुम्हाला सगळीकडे भेटेल, पण ती वापर मोजण्याची किमान रेघ आहे. ध्येय संपूर्ण झोपेचं ठेवा. पहाटेच्या झोपेत घटना अनेकदा वाढतात, तेव्हा चार तासांनी मास्क काढून ठेवला तर नेमकी तीच झोप उघडी पडते.

तास बसले की गळती. ती आटोक्यात आली की एएचआय बहुधा आपोआप उतरतो. साधारणपणे तो ५ च्या खाली असावा अशी अपेक्षा असते. एखाद्या रात्री तो ७ दिसला म्हणून सकाळ खराब करून घेऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. काही मशिनं घशाच्या अडथळ्याने थांबलेले श्वास आणि मेंदूकडून आज्ञाच न आल्याने थांबलेले श्वास वेगवेगळे दाखवतात. दुसऱ्या प्रकारचे सुरुवातीच्या आठवड्यांत दिसून पुष्कळदा आपसूक कमी होतात. पण ते टिकून राहिले किंवा वाढले तर मनाने दाब वाढवू नका, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा.

झोपण्याआधीचं मद्य आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. त्या रात्रीचा आकडा दुसऱ्या दिवशी सगळी चुगली करतो.

सफाई

याचा बाऊ करू नका. कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचं, सावलीत वाळवायचं. टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओतून द्यायचं, नवीन भरायचं. नळी, टाकी आणि पट्टे आठवड्यातून एकदा. नळाचं पाणी टाकीत क्षारांचे पांढरे थर धरतं. धरलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टाकी भिजत ठेवा आणि नंतर खळखळून धुवा. फिल्टर दर आठवड्याला बघा: स्पंजसारखा असेल तर धुता येतो, पांढरा कागदी असेल तर मळला की फेकून नवा लावायचा. ब्लीच, सुवासिक द्रव, उकळतं पाणी यांतलं काही नको. ओझोन सोडणारी सफाईची यंत्रं मिळतात, पण त्यांची गरज नाही, आणि ओझोन फुप्फुसांना चांगला नव्हे.

कुणी वापरलेलं मशिन देऊ केलं तर दोनदा विचार करा. त्यातला दाब दुसऱ्याच्या घशासाठी ठरलेला असतो. शिवाय २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशिनं परत बोलावली होती, तेव्हा मॉडेल आणि क्रमांक तपासल्याशिवाय जुनं मशिन तोंडाला लावू नये.

घराबाहेर

विमानप्रवासात मशिन हातातल्या सामानात ठेवा, टाकी पूर्ण रिकामी करून. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असलेली बरी. बऱ्याच मशिनांचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, खाली छापलेलं वाचून खात्री करा, म्हणजे परदेशात फक्त पिनेचा प्रश्न उरतो. एक लांब वायर सोबत असू द्या, कारण हॉटेलात पलंगाजवळ सॉकेट असेलच असं नाही. वजन बरंच उतरलं किंवा चढलं तर दाब पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी लहानशी, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्निया असल्याचं आधीच सांगा. भूल आणि वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली घसा नेहमीपेक्षा जास्त सैलावतो. मशिन सोबत न्या, आणि पिशवीत मास्क आहे ना ते निघण्यापूर्वी उघडून बघा. मशिन एखादवेळी रुग्णालयात मिळेलही, तुमच्या मापाचा मास्क मिळेलच असं नाही.